अल्फियसची सही

कोलबर्न गॅपमधल्या माणसाला पासपोर्ट काढायचा असो, पेन्शन चालू ठेवायची असो, की लेकराला परदेशी शिकायला धाडायचं असो, त्याला डीकन विल्बर्ट मॅग्नस यांच्या व्हरांड्याची पायरी चढावीच लागे. डीकन म्हणून ते चर्चचे सेवक तर होतेच, शिवाय आमच्या बेटावरच्या या डोंगराचे जे. पी., म्हणजे सरकारने नेमलेले साक्षीदारच म्हणा ना. हा माणूस तोच, आणि ही सही त्याने माझ्या डोळ्यांदेखत केली, एवढं लिहून त्यांनी खाली शिक्का दाबला की तो कागद समुद्रापलीकडेही खरा मानला जाई. या कामाचा पैसा घ्यायचा नाही असा कायदाच आहे, आणि डीकन तर केळ्यांचा घडही परत पाठवत. मग लोक तो घड चर्चच्या पायरीवर ठेवत आणि पाळकबाई रविवारी तो उचलून डीकनच्याच बायकोच्या, मिस इनाच्या, हाती देत. प्रभूच्या घरी कोणती वस्तू कुठून वळून कुठे जाईल, कुणी सांगावं!

त्या मंगळवारी दुपारी अल्फियस डॉकरीची केझाया आली. सोळा सरून सतरावं लागलेलं, काटकुळी, उंच पोर. बापासारखंच कपाळ. आई ही लहान असतानाच देवाघरी गेलेली. बापाने एकट्याने वाढवली, वेणी घालण्यापासून सगळं. तिने पिशवीतून दोन कागद काढले आणि टेबलावर अलगद ठेवले, जणू अंडी ठेवतेय.

"डीकन, हे कॉलेजकडून आलं. कॅनडातल्या प्रांताचं साक्षपत्र."

डीकननी चष्मा नीट केला. असले कागद त्यांच्या व्हरांड्यात अलीकडेच यायला लागले होते. पूर्वी कॉलेजने जागा दिल्याचं पत्र जोडलं की भागत असे. आता तिथल्या प्रांतानेही लेखी म्हणावं लागतं, की होय, यंदाच्या विद्यार्थ्यांत ही मुलगी आम्ही धरली आहे. ते साक्षपत्र नसेल तर व्हिसाच्या कचेरीत अर्ज उघडूनसुद्धा बघत नाहीत. आणि त्याला मुदत असते. केझायाच्या कागदावर ती या महिनाअखेरची होती. तोवर अर्ज गेला नाही, तर साक्षपत्र रद्द, आणि जागाही गेली.

"आणि हा दुसरा?"

"पपांची संमती. मी अजून अज्ञान आहे ना कायद्याने, म्हणून लागते. तिथे मी मर्ल आत्याकडे राहणार. यावर तुमची साक्ष पाहिजे. पपांनी सही केलीय बघा."

सही होती खरी. निळ्या शाईत, नेटकी, ओळीला धरून. डीकननी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"केली कुठे त्याने?"

"घरी."

"मी होतो तिथे?"

"तुम्ही कसे असाल?"

"मग माझ्यासमोर केली असं मी कसं लिहू, पोरी?"

तर हा आमच्याकडचा जुना घोळ. पाकिटाला तिकीट चिकटवून न्यावं तशी आमची माणसं सही घरूनच करून आणतात. त्यात लबाडी नसते हो. उलट अदब असते. डीकनसारख्या थोर माणसाचा वेळ कशाला मोडायचा! आणि दर वेळी डीकन कोरा कागद पुढे करून म्हणत, आता पुन्हा कर, माझ्यासमोर.

"पपांना गुरुवारी पाठव. कोरी प्रत आहे ना तुझ्याकडे? ती दे त्यांच्यासोबत."

"ते यामच्या शेतात असतात."

"यामचे कंद काही पळून जात नाहीत."

एरवी हसली असती. त्या दिवशी केझाया हसली नाही. कागद पिशवीत घालून ती खाली मान घालून गेली.

गुरुवारी अल्फियस आला नाही. शुक्रवारी सकाळी मिस क्लॅरिसच्या दुकानात तो डीकनना गाठ पडला. मोठ्या हाडाचा, सत्तावन्नचा गडी. बुटांना लाल माती, हातात आगकाडीची पेटी.

"अल्फियस, काल वाट बघितली रे तुझी. इनाने आल्याचा चहा दोनदा गरम केला."

"सही दिलीय ना डीकन. शिक्का मारा न् मोकळे व्हा."

"समोर कर. अर्धं मिनिट लागतं."

"मी नसलो तर पाव मिनिटात होईल."

दुकानातली माणसं हसली. मिस क्लॅरिस साखर तोलता तोलता म्हणाली, "डीकन, तुम्ही मेल्यावर स्वर्गाच्या दाराशी जाल, तेव्हा आत बोलावणाऱ्यालाच ओळखपत्र मागाल बघा!"

"मागेन. दार चुकीचं निघालं तर?" डीकन म्हणाले. पुन्हा हशा झाला. पण अल्फियसच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"माझ्या बापाच्या शवपेटीला तुम्ही खांदा दिलात," तो म्हणाला. "माझ्या बायकोच्या उशाशी तुम्ही गायलात. आणि आज मी कोण, ते तुम्हाला ठाऊक नाही?"

"तू कोण ते मला चांगलं ठाऊक आहे, बाबा. सही होताना मी पाहिली नाही, एवढंच म्हणतो."

"मग नका मारू शिक्का!" आगकाडीची पेटी तशीच फळीवर टाकून तो निघून गेला. मिस क्लॅरिसने ती पेटी उचलून बाजूला ठेवली, परत येईल तेव्हा द्यायला.

घरी मिस इनाने जेवताना तोफ डागलीच. "एवढी गुणी पोर. सगळ्या परीक्षा पहिल्या फटक्यात. आणि तिचं नशीब तुमच्या शिक्क्याखाली चेंगरतंय."

"इना, उद्या त्या कचेरीतल्या साहेबाने फोन करून विचारलं, सही तुमच्यासमोर झाली का, तर?"

"तुम्हाला कोण फोन करतंय! पोटच्या पोराचा येत नाही."

डीकननी भाजलेल्या नीरफणसाची फोड ताटात इकडून तिकडे केली. खरी गोष्ट अशी, की त्यांच्या मनात एक वेगळंच घर करून बसलं होतं. अल्फियसला पोरीला पाठवायचंच नसेल, असं त्यांना वाटत होतं. तोंडाने नाही म्हणवत नसेल, म्हणून असा अडून बसला असेल. बापाचं काळीज ते. सोन्यासारखी एकच लेक, आणि ती बर्फात जाणार. त्यांना त्याची दया आली, आणि आपण भर दुकानात त्याला अडवलं याची लाजही वाटली. रविवारी त्याचा काहीतरी मान करावा, मन जरा हलकं होईल, असं त्यांनी ठरवलं.

आता आमच्या चर्चमधलं गाणं कसं चालतं ते सांगायला हवं. पुस्तकं थोडी, माणसं फार, म्हणून फार पूर्वीपासून एक जण गीताची ओळ बोलून देतो आणि सारी मंडळी ती सुरात उचलते. मग दुसरी ओळ, मग तिसरी. आता पुस्तकं आली, तरी आम्ही ती चाल सोडली नाही. ओळ द्यायची डीकननी, आणि ती पहिल्यांदा झेलायची अल्फियसने. काय आवाज तो! डीकनच्या तोंडून ओळ सुटावी आणि ती जमिनीला टेकायच्या आत अल्फियसने उचलून छपरापर्यंत न्यावी. चाळीस वर्षं ही जोडी चालली होती. पाळकबाईंचा उपदेशही आमच्याकडे बोलून सुरू होतो आणि गाऊन संपतो. मधे कुठेतरी शब्दांना पाय फुटतात आणि ते चालायचे थांबून नाचू लागतात, ते नेमकं कुठे, कुणालाच कळत नाही. डीकन त्या क्षणाची आठवडाभर वाट बघत.

त्या रविवारी गीताची वेळ झाली, तेव्हा डीकन उठले आणि मंडळीला म्हणाले, "आज माझा घसा बसलाय. आज ओळी आपले ब्रदर अल्फियस देतील." आणि स्वतः खाली उतरून त्यांनी गीतांचं पुस्तक, पान उघडून, अल्फियसच्या हातात दिलं.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. अल्फियस उभा राहिला. पुस्तक दोन्ही हातांत धरलेलं. त्याने पानाकडे पाहिलं. पान पाहिलं आणि पाहतच राहिला.

"चष्मा घरी राहिला," तो म्हणाला.

"एवढंच ना!" डीकननी मोठ्या आनंदाने स्वतःचा चष्मा काढला आणि त्याच्या नाकावर चढवला. "आता?"

चर्चमध्ये कुणीतरी खोकलं. एक मूल रडायला लागलं आणि गप्प झालं. अल्फियसच्या कपाळावरून घामाचा ओघळ चष्म्याच्या काचेवर उतरला. पुस्तक त्याच्या हातात जराही हललं नाही, एवढं त्याने ते घट्ट धरलं होतं.

मागच्या बाकावरून केझाया उठली. घाईत नाही, पाणी आणायला उठावं तशी. बापाशेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पपा, तुम्ही सूर धरा. ओळी मी देते. नाहीतर तुमचा आवाज वाया जातो." आणि पुस्तकावर बोट ठेवून तिने स्वच्छ आवाजात पहिली ओळ दिली.

अल्फियसने ती झेलली. पुढचं गीत इतकं सुंदर झालं की पाळकबाईंनी शेवटचं कडवं दोनदा म्हणवून घेतलं.

पण डीकन खाली बसले ते बसलेच. चष्मा नसल्याने समोरचं सगळं धूसर होतं, आणि तरी आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी लख्ख दिसत होतं. ओळ मिळाली की अल्फियसला पुस्तक कशाला लागणार! त्याला गीतं पाठ आहेत म्हणून आपण कौतुक करत आलो. आणि ती निळ्या शाईतली सही... तसा नेटका हात केझायाचाच. उपदेश सुरू झाला, चढला, गाण्यावर गेला, मंडळी उभी राहून झुलू लागली. डीकनच्या कानांवर त्यातला एक शब्द पडला नाही.

सोमवारी सकाळी डीकन स्वतः निघाले. पिशवीत शिक्का, शाईचं पॅड, पेन. गुडघे दुखत होते, शेत चढावर होतं. अल्फियस यामच्या उंचवट्यांमध्ये काठ्या रोवत होता. वेल चढायला लागले होते. केझाया दगडांच्या चुलीवर उकडलेली हिरवी केळी न् खारवलेला मासा गरम करत होती. डीकनना बघून दोघंही थांबली.

"कागद आणलाय का शेतात, पोरी?" डीकननी विचारलं. "आहे ना? छान. अल्फियस, परवा दुकानात मी कायदा अर्धाच सांगितला. उरलेला सांगायला आलो."

अल्फियसने काठी मातीत दाबली. "तुम्हाला कळलं."

"काल कळलं."

"त्याआधी?"

"नाही रे. चाळीस वर्षं मी ओळ देत होतो आणि तू अशी उचलत होतास, की माझ्या मनात दुसरा विचारच आला नाही."

"तुम्ही ओळ देत होतात," अल्फियस म्हणाला, "मग मला पुस्तकाची काय गरज होती?" तो हसला नाही, पण खांदे जरासे खाली आले. मग चेहरा बाजूला करून म्हणाला, "शाळेत गेलो असतो तर बापाचे बैल कुणी हाकले असते. आणि नंतर... तुमच्यासमोर बसून फुली मारायची, विल्बर्ट? तुमच्या त्या टेबलावर? रांगेतल्या सगळ्यांच्या देखत?"

"म्हणून तर टेबल सोडून आलो," डीकन म्हणाले. "ऐक. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी कायद्यात वाट आहे. अंगठा चालतो, फुली चालते. फक्त मी कागद तुला मोठ्याने पूर्ण वाचून दाखवायचा, तुला तो समजला याची खात्री करायची, आणि तसं खाली लिहायचं. अशी सही कुणाच्याही सहीपेक्षा एक केसभर कमी नाही. त्या जुन्या कागदाचं मात्र काय ते कर, मला तो पुन्हा दिसायला नको."

केझायाने पिशवीतून तो निळ्या शाईचा कागद काढला आणि चुलीत सारला. केळ्यांखाली तो क्षणात काळा झाला.

मग तिघं खाली बसली. डीकननी कोरी प्रत हातात घेतली आणि सवयच ती, खाकरून, गीताची ओळ द्यावी तशा सुरात वाचायला सुरुवात केली.

"मी, अल्फियस डॉकरी, राहणार कोलबर्न गॅप..."

"मी, अल्फियस डॉकरी, राहणार कोलबर्न गॅप," अल्फियसने उचललं. त्यालाही सवयच होती.

"माझी मुलगी केझाया हिला कॅनडात शिकायला जाण्याची राजीखुशीने परवानगी देतो..."

अल्फियसने तीही ओळ म्हटली. त्याच्या खोल आवाजात ती शपथेसारखी वाटली. केझाया चुलीकडे तोंड करून बसली होती. डीकननी पुढची ओळ दिली.

"ती तिथे असेपर्यंत तिच्याविषयीचे सर्व निर्णय, राहण्याचे, शिक्षणाचे, दवाखान्याचे, माझ्या जागी तिची आत्या मर्ल घेईल, आणि ते मला मान्य असतील."

ही ओळ उचलली गेली नाही.

वाऱ्याने यामची पानं हलली. अल्फियस म्हणाला, "पुन्हा द्या ती ओळ."

डीकननी पुन्हा दिली. अल्फियस ऐकत होता, मान किंचित तिरपी, नवं गीत पहिल्यांदा ऐकताना ठेवतो तशी. मग पोरीकडे वळला. "तू वाचून दाखवलंस तेव्हा हे नव्हतं त्यात."

केझायाने चुलीतलं लाकूड आत सारलं. "होतं पपा. मी गाळलं."

"का?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात. मी आजारी पडले तर मर्ल आत्या ठरवणार, तुम्ही नाही, हे तुम्हाला... तुम्ही रात्ररात्र माझ्या उशाशी बसलेले..." तिने मनगटाने नाक पुसलं. "आणि साक्षपत्राची तारीख चाललीय ना संपत."

डीकननी नजर कागदावरच ठेवली. आत्ता ते एक शब्द बोलले असते तर तो बापाच्या बाजूने पडला असता किंवा पोरीच्या, आणि हा निर्णय एकट्या अल्फियसने घ्यायचा होता. त्यांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, बस्स.

अल्फियस उठला. जवळच्या यामच्या वेलाचं टोक काठीपासून सुटलं होतं, ते त्याने पुन्हा गुंडाळलं. बराच वेळ लागला त्याला, एवढ्याशा कामाला.

"मर्ल माझी बहीण आहे," शेवटी तो म्हणाला. "तिच्या हातात पोर द्यायला मी घाबरत नाही. पण देतोय हे मला माहीत तरी पाहिजे ना? डोळे झाकून दिलं, तर ते देणं कसलं? चोरीच ती, माझ्याच घरात."

"चुकलं, पपा."

"डीकन, या कागदात लिहिता येईल का, की आत्याने काही ठरवण्याआधी मला फोन करावा?"

"त्यांचा छापील नमुना आहे रे. वेगळं पत्र जोडता येईल, पण..."

"राहू द्या. कागदाला नका सांगू." तो केझायासमोर उकिडवा बसला. "तू सांग. इथे, डीकनच्या देखत. ताप आला तरी आधी मला फोन. परीक्षा बुडाली तरी मला. घर बदललं तरी मला. मग ठरवू दे मर्लला. करशील?"

"करीन."

"गाळणार नाहीस काही?"

"नाही पपा. काहीच नाही."

"मग द्या ओळ, डीकन."

डीकननी तिसऱ्यांदा ओळ दिली आणि अल्फियसने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकता, उचलली. आवाज एकदाच थरथरला, आत्याच्या नावाशी. पुढच्या ओळी लहान होत्या. मग डीकननी पिशवी मांडीवर ठेवून तिच्यावर कागद सपाट केला. अल्फियसने हात पँटला पुसले, पेन मुठीत धरलं आणि नांगराने सरी ओढावी तशी सावकाश एक रेघ ओढली, मग तिच्यावर आडवी दुसरी.

डीकननी त्याखाली लिहिलं: वरील मजकूर मी या गृहस्थांना पूर्ण वाचून दाखवला, तो त्यांना पूर्ण समजला, आणि ही खूण त्यांनी माझ्यासमोर केली. असं वाक्य त्यांनी आजवर अनेकदा लिहिलं असेल. पण 'पूर्ण' हा शब्द त्यांनी त्या दिवशी जपून लिहिला. मग शिक्का दाबला.

"दुपारच्या गाडीने खाली मँडेविल शहरात जा," ते केझायाला म्हणाले. "लायब्ररीतल्या संगणकावरून आजच अर्ज पाठवून टाक."

"आधी जेवा," अल्फियस म्हणाला. "इथवर चढून आलात."

डीकननी केळं न् मासा हातावरच घेतला. हे साक्षीचं मोल म्हणून नव्हतं, भुकेचं होतं, आणि ते त्यांनी परत पाठवलं नाही. केझायाने कागद एकेक करून पिशवीत भरायला घेतले. प्रांताचं साक्षपत्र उचललं, तेव्हा अल्फियसने तिचं मनगट धरलं.

"हेही वाचलंस का मला?"

"थोडं. ते नुसतं कचेरीचं आहे, पपा. नंबर न् तारखा. कंटाळवाणं आहे फार."

"असू दे कंटाळवाणं. माझ्या पोरीला ते मोजायला तयार आहेत असं लिहिलंय ना त्यात? वाच."

गाडीला अजून वेळ होता. केझाया बापाशेजारी बसली, कागद गुडघ्यावर धरला आणि प्रांताचं नाव, अर्जाचा क्रमांक, कॉलेजचा पत्ता असं एकेक वाचू लागली. आणि अल्फियस डॉकरी डोळे मिटून, मान तिरपी करून, प्रत्येक ओळ तिच्यामागून म्हणत राहिला.